धानाची झालर

पोत्याचं तोंड सुतळीने करकचून बांधून शामकलाने ते गावातल्या मनिरामच्या बैलबंडीत ठेवलं, तेव्हा आतली मांजर अशी काही ओरडली की बैलांनी कान टवकारले.

"वयनी, बजारात लोक धान नेतेत, गूळ आनतेत. मांजर नेनारा मीच पयला," मनिराम म्हणाला. "एक दांडा हानला असता तं काम झालं असतं."

"मांजर मारून पाप कायले घेऊ? फुलचूरच्या पुढं सोडजो. वापस येवाले नाई पायजे."

"अन आली तं?"

"तं तुले बी पोत्यात घालीन."

मनिराम हसत हसत गोंदियाच्या वाटेला लागला. शामकला हसली नाही. सहा महिन्यांत ती हसायचंच विसरली होती.

एका मांजरीसाठी इतका खटाटोप कोणी करत नाही, आणि शामकला काही हौशी बाईही नव्हती. तीस वर्षांचा संसार तिने शेणात, धानात आणि चुलीपाशीच काढला होता. पण तिच्या घरात एका माणसाचा जीव चिमण्यांवर टांगलेला होता. लोक याला वेड म्हणत. म्हणेनात का!

तिचा नवरा चैतराम गावाचा पाणकर होता. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ जाईल ते तो ठरवी, आणि तलावाच्या पाळीवरून अशी हाक मारी की पलीकडच्या शिवारातला माणूस फावडं टाकून उभा राही. आश्विनात शेवटचं पाणी सोडताना तो त्याच पाळीवर कोसळला. अर्धं अंग गेलं आणि जीभही गेली. स्वराज्य येऊन सात वर्षं झाली होती, गोंदियात मोठा दवाखाना होता, तिथेही नेलं. तिथून बंडी परत घरी आली. मग नागऱ्याचा वैद्य येऊन बराच वेळ नाडी धरून बसला.

"डोळे फिरतात तोवर माणूस आहे," तो उठताना म्हणाला. "ज्या दिवशी नजर थांबेल, त्या दिवशी मला बोलावू नका."

तेव्हापासून शामकला डोळे राखत होती.

चैतरामचा आणखी एक नाद होता. नवं धान घरात आलं की तो लोंब्यांच्या झालरी विणायचा. एक आपल्या दाराला आणि वीस-बावीस गावातल्या दारांना. पिकातला पहिला घास पाखरांचा, असा तिकडचा रिवाज. त्या झालरीतला एक दाणाही घरच्या माणसाने तोडायचा नाही. उपाशी असला तरी नाही. यंदा झालर विणायला कोणी नव्हतं. शामकलाने ती त्याचं विणणं आठवून आठवून विणली, वाकडीतिकडी, आणि ओसरीत त्याच्या खाटेसमोर टांगली. दुसऱ्या दिवशी चिमण्या आल्या, आणि दोन महिने नुसते छतावर फिरणारे चैतरामचे डोळे हळूच खाली उतरले. त्या दिवशी ती चुलीपाशी बसून पोटभर रडली.

पुढे रोज दिवेलागणीच्या आधी ती विचारी, "अजी, किती आल्या आज?" तो मोजून पापण्या मिटी. कधी पाच, कधी सात. एकदा नऊ झाल्या. जेवढ्या पापण्या मिटत तेवढी तिची उमेद वाढे. फाल्गुनात एका जोडीने झालरीच्या वरच, वासा आणि छपराच्या कवेलूच्या मधल्या फटीत घरटं केलं, मग तर त्याची नजर दिवसभर तिथेच असायची.

पण पाखरांना दाणा टाकला की दुनिया जेवायला येते. वानरं कवेलू फोडत उतरत. एकदा अर्धी झालर त्यांनी ओरबाडून नेली. खारी येत. दोनदा शिक्रा झडप घालून गेला. आणि ही मांजर! तिने चैतरामच्या डोळ्यांदेखत झालरीखालची चिमणी उचलली, त्या दिवशी त्याने पापणी हलवली नाही. तिसऱ्या दिवशी पापण्या पुन्हा मिटल्या, तेव्हा कुठे शामकलाने तोंडात घास घातला. म्हणून ते पोतं.

वानरांना काठी होती, शिक्र्याला गलका होता. माणसांना काय करावं? पलीकडच्या घरातली धाकटी जाऊ गीताबाई दुपारचं काम उरकलं की दोन-तीन बायका घेऊन 'पाहायला' येई. पाय पसरून बसायच्या, तंबाखू मळायच्या, आणि पडलेल्या माणसाच्या कानाशी त्याच्या मरणाच्या गोष्टी करायच्या.

"आता सुटाले पायजे वो भासरे," खाटेवरच्या थोरल्या दिराकडे हात करत गीताबाई म्हणाली. "असं पडून राह्यनं का जिनं आहे?"

"तुमी बसल्या का पाखरं येत नाईत," शामकला सरळ म्हणाली. "उठा आता."

"घ्या! मानसापेक्षा चिमन्या जड झाल्या हिले."

"झाल्या. मंग?"

गीताबाई फणकाऱ्याने गेली. वाईट नव्हती ती, फक्त तिला गप्प बसता येत नव्हतं.

मांजर गेली आणि पंधरा दिवसांत उंदीर माजले. साठवणीच्या ढोलीतलं धान उकरून काढू लागले, वासे धरून झालरीपर्यंत पोचू लागले. शामकला चिडून जाई. मग एका सकाळी उंदीर दिसेनासे झाले. तिने ढोलीमागे वाकून पाहिलं, तर तिथे हातभर लांब कात पडलेली होती. धामण! धामण म्हणजे धानाची राखणदार. तिकडे कोणी तिला मारत नाही, हुसकत नाही. शामकलाने ती कात उचलून ढोलीवर ठेवली आणि हात जोडले.

"आलीस माय, बरं झालं," ती म्हणाली. "राख आता घर."

चैत्रातली दुपार होती. घरट्यात तीन पिल्लं झाली होती. त्यांच्या चोची फटीतून दिसत, आणि चैतरामच्या तोंडाचा उजवा कोपरा थोडा वर सरके. ते हसू होतं, असं शामकला शपथेवर सांगायला तयार होती. ती मागच्या विहिरीवर त्याची धोतरं पिळत होती, आणि घरातून आवाज आला.

"अ... वो."

तिच्या हातातून धोतर विहिरीत पडलं. तीस वर्षं त्याने तिला हीच हाक मारली होती. नाव कधी घेतलं नाही.

"अ... वो!"

ती धावली. उंबऱ्याला ठेचकाळली, तशीच जाऊन खाटेवर बसली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"बोला जी! आनखी एक डाव बोला! वो गीता! गीता! बोलले, हे बोलले!"

गीताबाई भिंतीपलीकडून पदर सावरत आली. तिच्याही डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चैतरामचा गळा ताणला गेला होता, कपाळाची शीर फुगली होती. "अवो... अवो..." तो शामकलाच्या खांद्यावरून वर पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शामकला त्या पदराने टिपत होती.

"रडू नोका जी. आता सारं होते. मी आहो न इथंच. मी कोठी जात नाई."

तो मान हलवायला धडपडला, आणि ती आणखी पुढे सरकून बसली. तिचं डोकं नेमकं त्याच्या नजरेच्या आड आलं. चिमण्या कधीपासून कलकलत होत्या, पण त्या रोजच कलकलतात. तेवढ्यात घरट्यातल्या काड्या तिच्या केसांवर पडल्या.

तिने मागे वळून पाहिलं.

वाशावरून धामण खाली लोंबत होती. तिचं शेपूट कवेलूत होतं आणि गळ्याखाली फुगा आलेला होता. फटीत एकही चोच नव्हती.

"मारू नोको बाई, धामन आहे ते!" गीताबाई ओरडली.

शामकलाने काठी उचललीही नव्हती. धामण सावकाश वळली, वाशावरून ढोलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली. चिमण्यांचा कलकलाट थांबला.

"मले बलावून राहिले होते," शामकला म्हणाली. "दाखवून राहिले होते. अन मी पाठ करून बसली वो गीता. त्याईच्या डोऱ्यासमोर पाठ करून बसली."

गीताबाई तिच्या केसांतल्या काड्या एकेक करून काढत राहिली.

चैतरामने डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने ते उघडले नाहीत. पेज गळ्याखाली उतरत होती, श्वास चालू होता. तिसऱ्या दिवशीही तेच. शामकलाने कात बाहेर फेकली, ढोलीमागची बिळं चिखलाने बुजवली, मनिरामकडे जाऊन मांजर सोडलेली जागाही विचारून आली. तो या वेळी हसला नाही. मग तिने कोठीतल्या उरल्यासुरल्या लोंब्या काढून नवी झालर विणली. ही तिला बरी साधली होती. चैतरामने पाहिली असती तर एखादीच गाठ सोडून पुन्हा बांधायला लावली असती. झालर टांगून ती दारामागे उभी राहिली.

एकही चिमणी आली नाही. चार दिवस गेले, तरी झालरीतला दाणा जसाच्या तसा. लोक आता गीताबाईबरोबर येत नव्हते. बहुधा तिनेच थांबवले होते. त्या शांततेत शामकलाचा जीव घाबराघुबरा होई. ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसे. वैद्याला निरोप पाठवावा असं दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा वैद्याचं जातानाचं बोलणं आठवून तिने तो पाठवला नाही.

पाचव्या दिवशी उन्हं कलली तेव्हा ती खाटेपाशी आली.

"अजी, किती आल्या आज?"

पापणी हलली नाही. तिने वाट पाहिली. पुन्हा विचारलं. मग ती झालरीखाली मांडी घालून बसली. क्षणभर तिचा हात अडला. जन्मात तिने त्या झालरीतला दाणा तोडला नव्हता. तिने एक लोंबी ओढली, दाणा नखाने सोलला, फोलपट खाली जमिनीवर टाकलं. मग दुसरा. मग तिसरा. त्याने डोळे उघडलेच, तर जमिनीवर फोलपटं दिसायला हवी होती.

"नऊ आल्या जी," ती सोलता सोलता म्हणाली. "एक नवी होती."