तीनच्या आत माघार

अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी तीनला संपणार होती. अडीच होऊन गेले तरी विश्राम आणि कमलेश डोंबिवलीच्या निवडणूक कार्यालयाबाहेर उभेच होते. मागं जांभळीपाड्याची माणसं टेम्पोतून उतरून आली होती. ती एकदा याच्या तोंडाकडं बघत, एकदा त्याच्या.

गावानं ठरवलं होतं ते साधं होतं. महापालिकेच्या निवडणुकीला कोणी उभं राहायचं नाही, जागा रिकामी ठेवायची. आमची गावं महापालिकेतून काढा, वेगळी नगरपालिका द्या, ही मागणी सरकारला दिसली पाहिजे. पण बिल्डरांना जमिनी जमवून देणाऱ्या कमलेशनं शेवटच्या दिवशी गुपचूप अर्ज भरला. एकटाच उमेदवार म्हणजे बिनविरोध नगरसेवक. ते कळल्यावर विश्रामच्या मेहुण्यानं, आबानं, धावपळ करून विश्रामलाही अर्ज भरायला लावला, निदान बिनविरोध तरी होऊ नये म्हणून. मग गावदेवीपुढं बैठक झाली. दोघांनी नारळावर हात ठेवून कबूल केलं, आम्ही माघार घेतो.

पण आत एका वेळी एकच उमेदवार सोडत होते. जो आधी जाईल तो सुटला, आणि मागचा बाहेरच थांबला तर तो नगरसेवक.

"काका, तुम्ही जा ना आधी. वयानं मोठे आहात," कमलेश म्हणाला.

"मोठा आहे म्हणूनच थांबलोय."

दोनचार जण हसले.

आबा मध्ये पडला. आबा म्हणजे विश्रामच्या बायकोचा, सुमतीचा, थोरला भाऊ. "कमलेश, तू जा. विश्रामरावांची जबाबदारी माझी. सुमतीचा नवरा आहे तो."

सुमतीचं नाव निघाल्यावर माणसांनी कमलेशला वाट करून दिली. ती गावची शेवटची सरपंच. गाव महापालिकेत गेलं आणि तिचं पद गेलं. तेव्हापासून ठाण्याला कलेक्टर कचेरीवर जाणाऱ्या प्रत्येक मोर्चात ती पुढं असायची. बायकांना सांगायची, "महापौराला गाडी असते, झगा असतो. सही आयुक्ताची. आणि तो महापौर तरी आपण कुठं निवडतो? नगरसेवक हात वर करतात नि झाला. नगरपालिका असली की नगराध्यक्ष आपण मत देऊन बसवणार. काम नाय केलं तर घरी जाऊन धरता तरी येतो." मागच्या दिवाळीनंतर ती हृदयविकारानं गेली. माणसं अजून तिच्याच शब्दांत बोलत होती.

कमलेशनं घाम पुसला, चप्पल झटकली आणि तो आत गेला.

तो बाहेर येईपर्यंत कोणी हललं नाही. आला तेव्हा त्याच्या हातात शिक्क्याची पोच होती. आबानं ती उलटीपालटी करून बघितली.

"सुधारला रे कमलेश," मागून कोणीतरी म्हणालं.

"सुधारलो नाय, घाबरलो. आय सकाळपासून एकच बोलते, देवीचा नारळ हाय." मग तो विश्रामकडं वळला. "काका, आता तुमच्यावर."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आबा टेम्पो वळवायला सांगायला गेलासुद्धा. विश्राम दगा देईल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

आणि विश्राम जागचा हलेना.

मंजुळा त्याच्या आळीतली. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "भावोजी, राग मानू नका. जाऊ नका आत. नगरपालिका होईल तेव्हा होईल. माझ्या मोरीत गटाराचं पाणी आज येतंय. तुम्ही महापालिकेत असलात तर निदान ओरडाल."

"हं," विश्राम म्हणाला.

पण त्याच्या डोक्यात गटार नव्हतं. तो ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. ड्युटीवरून घरी यायचा तेव्हा ओट्यावर माणसंच माणसं. कोणाचा दाखला, कोणाचा नळ. त्याला बसायला स्वतःची खुर्ची मिळायची नाही आणि तो सुमतीवर चिडायचा. आता खुर्च्या सगळ्या मोकळ्या. सकाळी उठल्याबरोबर तो टीव्ही लावायचा. बघायचा नाही, नुसता आवाज हवा म्हणून. नगरसेवक झालं तर दारात परत माणसं येतील. त्यासाठी काही करायचंही नव्हतं. इथं असंच उभं राहायचं होतं, तीन वाजेपर्यंत.

"अजून कोणी आहे का? दहाच मिनिटं राहिली," शिपायानं दारातून विचारलं.

आबा परत आला होता. विश्रामला तिथंच बघून त्याचा चेहरा बदलला. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं विश्रामला वाटलं. भांडता तरी आलं असतं.

विश्राम आत गेला.

अधिकारी बाईंनी कागद पुढं सरकवला. त्यानं पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मॅडम, मी नगरसेवक झालो तर आमच्या आळीतलं गटार माझ्या सहीनं दुरुस्त होईल?"

"ते मी इथं कसं सांगू? तुम्ही सही करताय की नाही, तेवढं बोला."

त्याला गावच्या विहिरीवरची मोटर आठवली. सकाळी जळली, सुमतीनं सही केली, संध्याकाळी पाणी चालू. आता मंजुळा ओट्यावर येईल तेव्हा तो काय सांगणार? साहेबांना सांगतो. परत येईल तेव्हा, फाइल वर गेलीय. सुमतीच्या ओट्यावर बसून तिच्याच माणसांना तो हेच ऐकवत राहणार, आणि तीही काही दिवस येतील. त्याला सोबत हवी म्हणून त्यांनी फेऱ्या मारायच्या.

त्यानं सही केली. घड्याळाकडं बघितलंच नाही.

बाहेर घोषणा सुरू झाल्या. मंजुळा मान फिरवून टेम्पोकडं गेली. तिला हाक मारावी असं त्याला वाटलं.

आबानं त्याचा दंड धरला. "क्षणभर घाबरवलंत, विश्रामराव."

"घाबरायलाच हवं होतं. थांबणार होतो मी."

"मंजुळा बोलली म्हणून?"

"नाय. माझ्यासाठी. घर खायला उठतं, आबा."

आबानं दंड आणखी घट्ट धरला.

"आणि ऐका," विश्राम म्हणाला. "नगरपालिका झाली, लोकांनी मत देऊन नगराध्यक्ष निवडायचा झाला, तर मी उभा राहणार. तेव्हा नारळ घेऊन माझ्या दारात येऊ नका."

"येईन. प्रचाराला येईन." आबानं दंड सोडला नाही. "आज आमच्याकडं जेवाला चला. उद्याही या. बहिणीचं घर बंद झालं म्हणून आम्ही काय मेलो काय?"

कमलेशनं टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती. विश्राम तिथं बसला नाही. तो मागं माणसांत चढला आणि मंजुळेनं तोंड तसंच फिरवलेलं ठेवून थोडं सरकून त्याला जागा दिली.