रंगाचा हात

ऑक्टोबरचं फिकट ऊन घरामागच्या काचेच्या खोलीच्या, कन्झर्व्हेटरीच्या, काचांतून झिरपत आत यायचं, आणि त्या उन्हात पाण्याच्या पसरट भांड्यावर वाकलेल्या आईच्या हातून एक संथ, ओलसर घासण्याचा आवाज उमटत राहायचा. आई मला आठवते ती आधी त्या आवाजातून, चेहरा मागाहून येतो. ओल्याने घासायच्या वॉटर पेपरचा बोटभर तुकडा, त्याखाली बाबांचं धातूचं छोटं इंजिन, आणि करड्या होत गेलेल्या पाण्यात बुडालेली तिची निमुळती बोटं.

मिलेनियमनंतरची ती वर्षं. इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या आमच्या घरात रेल्वे मॉडेल्सचा छंद बाबांचा होता. क्लब त्यांचा, मासिकं त्यांची, शनिवारही त्यांचेच. इंजिनाचे सुटे भाग ते जोडत, आणि सुरेख जोडत. रंग मात्र त्यांच्या अधीर स्वभावाला कधी वश झाला नाही. त्यांना आवडणारी इंजिनं बहुधा पावडर कोटिंग होऊनच येत. रंगाची भुकटी धातूवर फवारून भट्टीत वितळवलेला तो थर काचेसारखा गुळगुळीत आणि तितकाच निर्विकार. त्यावर दिलेला दुसरा रंग दुधावरच्या सायीसारखा उचलून येतो. पहिलं इंजिन असं सोललं, तेव्हा बाबांनी ते टेबलावरून आईकडे सरकवलं. लग्नाआधी मिरजेच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारी आई त्या दिवसापासून रंगवू लागली.

"आधी चकाकी उतरवायची," ती म्हणे, "चकाकीला काही धरत नाही." भांड्यांच्या साबणाने ती इंजिन धुई, आणि त्याचं अंग पावसाळी आभाळासारखं मंद होईपर्यंत घाशी. जुना थर खरवडून काढायचा नसे, त्याचा ताठा तेवढा मोडायचा असे. मग स्पिरिटने पुसणं. त्यानंतर उघड्या बोटाचा स्पर्शही वर्ज्य. गॅरेजचं दार अर्धं उघडून रंगाखालच्या अस्तराचा, करड्या प्रायमरचा फवारा, आणि त्यावर रंगाचे पातळ, जवळजवळ श्वासासारखे हात. एक हात वाळेपर्यंत ती दुसऱ्याला घाई करत नसे. खुर्चीत बसून नुसती त्या रंगाकडे पाहत राही. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जी शांती उतरे, ती मी तिच्या संसारात इतरत्र कुठेच पाहिली नाही. शेवटी कडेची पिवळी रेघ, केसाएवढ्या ब्रशने, श्वास रोखून.

क्लबच्या प्रदर्शनात तिने रंगवलेल्या एका गर्द हिरव्या इंजिनाला करंडक मिळाला. मी तेव्हा युनिव्हर्सिटीतून वीकेंडला घरी आले होते. म्हातारे इंग्लिश सेक्रेटरी भिंग लावून ती पिवळी रेघ निरखत होते. "हे रंगकाम कोणाचं?" त्यांनी विचारलं. बाबा हसून म्हणाले, "ऑल माय ओन वर्क." आई त्यांच्या शेजारीच होती, त्यांचा कोट हातावर घेऊन.

परतताना कारमध्ये मी म्हटलं, "बाबा, पेंटिंग आईने केलं होतं."

"अगं, तिथे सगळं एक्सप्लेन करत बसायचं का? घरचंच आहे ना?"

आई समोर बघत होती. "राउंडअबाउट आलंय," ती म्हणाली. "जरा स्लो करा, अहो."

वसंतात बाबांनी नवं इंजिन आणलं, काळंभोर, झगझगीत, आणि तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. "हे बघतेस ना?"

"नाही. या वेळी तुम्हीच करा."

आवाजात राग नव्हता, म्हणून बाबांना तो नकार ऐकूच आला नाही. इंजिन टेबलावर धूळ खात राहिलं. डॅफोडिल्स उमलून कोमेजले. ती एका वाक्याची वाट पाहत होती, आणि ते वाक्य बाबांना सुचलंच नाही. अखेर त्यांनी स्वतःच त्या चकाकीवर थेट लाल रंग चढवला. जिथे जिथे बोटं लागत, तिथून तो सुटत गेला.

पुढच्या हिवाळ्यात बाबा हृदयविकाराने गेले. सकाळी बोलत होते, दुपारी नव्हते. काही आठवड्यांनी सेक्रेटरी मॉडेल्स न्यायला आले. क्लबच्या हॉलमध्ये बाबांच्या नावाचं काचेचं कपाट होणार होतं. एकेक इंजिन ते हळुवारपणे गुंडाळत होते. पापुद्रे सुटलेलं लाल इंजिन हाती आलं तेव्हा ते थबकले. त्या सगळ्यांत बाबांनी आपल्या हाताने रंगवलेलं तेवढं ते एकच.

"आजारपणात हात चालत नसावा बिचाऱ्याचा," ते कळवळून म्हणाले.

आईने क्षणभर त्या इंजिनाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "शेवटी शेवटी थरथरायचा हात त्यांचा."

बाबांचा हात कधीच थरथरला नव्हता.

दार लागल्यावर मी तिच्यावर चिडले. "तू सांगितलं का नाहीस? आता तुझ्या कामावर कायमचं त्यांचं नाव लागणार."

ती टेबलावरचे कागद गोळा करत होती. "लागू दे. मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं. क्लबकडून घेऊन काय करू?"

त्यानंतर तिने ब्रश हाती धरला नाही. फार वर्षं जगलीही नाही. ती गेल्यावर एका दुपारी मी त्या हॉलमध्ये जाऊन आले. कपाट स्वच्छ होतं, बाबांच्या नावाची पितळी पाटी लखलखत होती, आणि कोणी एक गृहस्थ आपल्या बायकोला, "लुक ॲट दॅट हँड," म्हणून दाखवत होते. मी तशीच बाहेर पडले. जे वाक्य तिने एकाच माणसाकडून मागितलं होतं, ते परक्यांना ऐकवण्याचा अधिकार मला नव्हता. माणूस मेल्यावर नाहीसा होतो असं आपण समजतो. पण काही माणसं भरल्या घरात, चालतीबोलती असतानाच नाहीशी होत आलेली असतात, आणि मृत्यू येतो तेव्हा त्याला पुसायला त्यांचं काही उरलेलंच नसतं.