ढालवाल्यांची उजळणी

चार महिने झाले, आमचे गुरुजी बोलत नव्हते. सेवकराम गुरुजी, माह्ये घरधनी. आंबागडच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं त्यायनं, अन् लकव्याच्या एका झटक्यानं सगळे शब्द नेले. हातपाय सुधारले, तोंड तेवढं बंद. भंडाऱ्याच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या रीता मॅडम म्हणाल्या, "शोभाताई, घरातल्या वस्तू दाखवून नावं विचारत जा. पहिले सहा महिने महत्त्वाचे. नंतर कठीण जाते."

मी गिलास दाखवला, चमचा दाखवला. गुरुजी माह्याकडे असे पाहायचे, जशी काही मीच नापास झाली. माणूस असा अडून बसला की माह्यं डोकं फिरते. दोनदा तर मी चमचा आपटून उठून गेली.

एका सकाळी मी कपाट पुसत होती. वरच्या खणात गुरुजीनं बोडीच्या, म्हंजे गावतळ्याच्या, चिकणमातीचे केलेले डायनासोर होते. लोक सुट्टीत तीर्थाले जात, आमचे गुरुजी या हाडांच्या पुस्तकात डोकं घालून बसत. एक चपटा होता, अंगभर हाडाच्या चकत्या, शेपटीच्या टोकाले गोटा. मी म्हटलं, "या स्टेगोसॉरवर किती धूळ बसली, बापा."

मागून आवाज आला. "अँ... अँकिलो."

फडकं माह्या हातातच राहिलं. मग समजलं मले. चुकीचं उत्तर ऐकून गप बसणं या माणसाले जन्मात जमलं नाही.

त्या दिवसापासून मी चुका करत सुटली. पण नेमकं चुकायलेही अभ्यास लागते. त्यायच्या वह्या काढल्या, चष्मा लावून वाचल्या. ढालवाल्या डायनासोरचं एक मोठं कुळ. त्याच्या दोन मोठ्या शाखा. पाठीवर उभ्या पाट्या वागवणारे ते स्टेगोसॉर, अन् अंगाले चिकटून चकत्या असणारे ते अँकिलोसॉर. अँकिलोसॉरमध्ये पुन्हा दोन घराणी. एकाच्या शेपटीले गोटा; दुसरे नोडोसॉर, त्यायले गोटा नाही. आमच्या भाऊबंदांपेक्षा सोपं होतं सगळं.

सकाळचा चहा झाला की मी सुरू. "या चकत्या बरगड्यातून निघतात, नाही का?"

"का... कातडीत," गुरुजी म्हणत.

"पोटही दगडासारखं असंन याचं."

"मऊ."

"डोळे तर उघडेच पडले बिचाऱ्याचे."

गुरुजीनं बोट पापणीवर ठेवलं. "हाड." काहींच्या पापणीतही हाड असे, हे वहीत होतं, मले माहीत होतं. तरी मी म्हटलं, "काहीही सांगता." त्यावर ते चांगलेच तापले अन् सलग तीन शब्द बोलले.

रीता मॅडम खूश. मी नाही. पाच महिने होऊन गेले होते, अन् त्यायच्या तोंडून घरचा एक शब्द नाही. चहा नाही, पाणी नाही, माह्यं नाव नाही. सहावा महिना संपला तर जन्मभर मी या मातीच्या जनावराचीच गोष्ट करत बसायची का? भेव वाटे मले, अन् भेव वाटलं की माह्यी जीभ सुटते.

त्या दिवशी दूध उतू गेलं. शेगडी पुसता पुसता मागं पाहिलं, तर गुरुजी तो अँकिलोसॉर मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "चाळीस वर्षं पाहून राहिली मी. तुमचा सारा जीव या हाडांवर."

हे मी मुद्दाम चुकीचं नव्हतं म्हटलं. खरंच वाटत होतं मले, म्हणून तर रडू आलं.

गुरुजीनं जनावर बाजूले ठेवलं. वर्गात कोणी चुकलं की पडायच्या तशा आठ्या कपाळाले पडल्या. ओठ हलले, थांबले, परत हलले. मी डोळे पुसायचे सोडून त्यायच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"शो... शोभावर," गुरुजी म्हणाले.

मी तिथंच त्यायच्यापुढं खाली बसली.

"ऐकू नाही आलं मले," मी म्हटलं.

गुरुजीनं पुन्हा सांगितलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.