चूक कोणाची?

चांगुलपणाबद्दल माझी कधीच काही तक्रार नव्हती. तो लोकांनी आपापल्या घरी करावा, फार तर जिन्यात करावा. नोंदणी कार्यालयात, खिडकी क्रमांक चारसमोर, सकाळी साडेदहा ते दुपारी एक या वेळेत करू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

खिडकी चार म्हणजे 'नोंदीतील दुरुस्ती'. कुणाच्या आडनावाची वेलांटी चुकलेली असते, कुणाचा जन्म बापाच्या जन्माआधी झालेला असतो, कुणी चांगला मिशीवाला पुरुष कागदावर बाई झालेला असतो. हे सगळे दुःखी जीव माझ्याकडे येतात. खिडकीसमोर एक लांब लाकडी बाक आहे. पहिला माणूस उठून खिडकीशी आला की बाकीच्यांनी बसल्या बसल्या एकेक जागा पुढे सरकायचं. बावीस वर्षांच्या घसटीने तो बाक इतका गुळगुळीत झालाय की हडकुळा माणूस आपोआप पुढे येतो. ही पद्धत मी बसवली आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

आता अर्ज. त्यात एक रकाना आहे: 'चूक कोणाची? अर्जदाराची / कार्यालयाची.' एकावर खूण करायची. अर्जदाराची असेल तर कागद वर साहेबांकडे जातो आणि आठ दिवसांनी खाली येतो. कार्यालयाची असेल तर दुरुस्ती तिथल्या तिथे होते, पण ज्याच्या हातून चूक झाली त्याने तांबड्या वहीत, तांबड्या शाईने, 'चूक माझी' असं लिहून सही करायची. त्या वहीत बावीस वर्षांत माझी एक ओळ नाही. याचा अर्थ मी कधी चुकलो नाही असा नव्हे. खूण कुठे करायची हे मी लोकांना फार प्रेमाने समजावतो, एवढाच त्याचा अर्थ. "भरताना तुमचीच काही गडबड झाली असेल हो," असं म्हटलं की माणूस विचारात पडतो, आणि विचारात पडलेला माणूस बरोबर मला हवी तिथे खूण करतो.

शेजारच्या खिडकी पाचवरच्या बाईंना ही कला जमली नाही. त्यांच्या नावावर अकरा ओळी आहेत. पुढच्या महिन्यात मोठ्या कारकुनाची खुर्ची रिकामी होणार होती, आणि ती अकराला मिळते की शून्याला, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्या मंगळवारी बाकावर पहिल्या जागी एक म्हातारे गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी "पुढचे" म्हणालो. ते उठले आणि शेजारच्या नर्सबाईंना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मला काही घाई नाही." एवढं बोलून बाकाच्या पार शेवटी जाऊन बसले.

नर्सबाई कामावरून तशाच आल्या होत्या, उभ्या उभ्या झोपतील अशा. त्यांनी त्या म्हाताऱ्यांकडे असं काही पाहिलं की जणू त्यांना कुणी हयातीत पहिल्यांदाच माणूस समजलं होतं. काम झाल्यावर मुकाट्याने घरी जावं की नाही? नाही. त्या वळल्या आणि पुढच्या शाळामास्तरांचा अर्ज चुकीच्या बाजूने भरलेला पाहून तिथेच खाली बसून त्यांना नवा भरून द्यायला लागल्या. मास्तर विरघळले. त्यांनी आपली जागा एका लेकुरवाळीला दिली. लेकुरवाळीचं काम झालं, तर ती प्लंबरच्या मागे लागली, की दादा, तुमच्या हाताला पट्टी आहे, तुम्ही लवकर मोकळे व्हा. प्लंबर म्हणजे सकाळपासून माझ्याशी भांडायच्या तयारीने आलेला माणूस. तोही एकदम लाजला आणि म्हणाला, "छे छे, आधी आजोबांना जाऊ द्या."

आजोबा तोवर सरकत सरकत पुन्हा पहिल्या जागी आले होते. त्यांनी हात जोडले. "मला खरंच घाई नाही. तुम्ही व्हा." आणि पुन्हा शेवटी.

"बघा," प्लंबर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे या वयात दोनदा मागे गेले. आणि आपण एकेका जागेसाठी मरतो."

झालं. साथच पसरली. जो तो उठून दुसऱ्याला पुढे करायला लागला. माझा बाक, जो बावीस वर्षं एकाच दिशेने सरकत होता, तो दोन्ही दिशांना सरकायला लागला. बाकाच्या मधोमध दोन जाड गृहस्थ "तुम्ही", "नाही, तुम्ही" करत एकमेकांना अडले. आणि पूर्ण अकरा मिनिटं माझी खिडकी उघडी असून समोर कुणी नव्हतं. माझ्याकडे यायची सगळ्यांना इच्छा होती, पण प्रत्येकाला दुसऱ्याला आधी पाठवायचं होतं.

"कुणीतरी या!" मी शेवटी ओरडलो. "आधी अर्ज द्या, मग काय तो चांगुलपणा करा!"

खिडकी पाचवरच्या बाई हसल्या. मी लक्ष दिलं नाही.

साडेबाराला एक मुलगी धावत आली. तीसएक वर्षांची, हाताला केसांच्या रंगाचे डाग, म्हणजे केस कापणारी असावी. तिच्या मागून एक जाडजूड बाई आल्या, पदर घट्ट धरून, आणि दाराशीच उभ्या राहिल्या. मुलगी सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, "साहेब, एक वाजायच्या आत मला हा कागद दुरुस्त करून पाहिजे."

"बाकावर बसा," मी म्हणालो. "सगळ्यांनाच पाहिजे असतो."

ती बसली नाही, पण बाकावरच्या लोकांना तिची सगळी कथा कळायला तीन मिनिटं पुरली. आज दीड वाजता वरच्या मजल्यावर तिचं लग्न नोंदवायचं होतं. नवरामुलगा जहाजावर खानसामा. उद्या सकाळी जहाज सुटणार, ते नऊ महिन्यांनी परतणार. सगळं जमलं होतं. फक्त तिच्या नोंदीच्या उताऱ्यात, 'वैवाहिक स्थिती' या रकान्यात, 'विवाहित' असं लिहिलेलं होतं.

"वरचे साहेब म्हणतात, पहिल्या नवऱ्याचा कागद आणा," ती म्हणाली. "मला पहिला नवराच नाही! कुठून आणू?"

"हेच मी सकाळपासून विचारतेय," दारातल्या जाडजूड बाई म्हणाल्या. त्या होणाऱ्या सासूबाई होत्या. "सरकारी कागद खोटं कशाला बोलेल? आमचा मुलगा भोळा आहे. नऊ महिने समुद्रावर असणार. इकडे पहिला उगवला तर?"

मुलीचे डोळे भरून आले. ती रडली नाही. तिने नाक पुसलं आणि ताठ उभी राहिली. मला रडणारी माणसं परवडतात, त्यांना पाणी दिलं की भागतं. अशी ताठ उभी राहणारी परवडत नाहीत.

आता बाकावरच्या संतमंडळींना तर पर्वणीच मिळाली. नर्सबाई, ज्यांचं काम दोन तासांपूर्वी झालं होतं, त्यांनी तिला बसवून पाणी पाजलं. मास्तरांनी तिचा अर्ज सुवाच्य अक्षरात भरला. प्लंबर वरच्या मजल्यावर पळाला, तिथल्या साहेबांना थांबवून ठेवायला. जाताना म्हणाला, "गरज पडली तर त्यांचा नळ दुरुस्त करतो." लेकुरवाळीने पोर सासूबाईंच्या हातात दिलं, म्हणजे त्यांचे हात आणि तोंड दोन्ही गुंततील. आणि आजोबा तिसऱ्यांदा पहिल्या जागेवर येऊन पोचले होते, ते उठले आणि म्हणाले, "बाळ, तू हो पुढे."

पंचवीस मिनिटं उरली होती. तिने उतारा काचेखालून आत सरकवला. मी कपाटातून मूळ नोंदवही काढली आणि तिचं पान उघडलं.

वहीत स्वच्छ लिहिलं होतं: अविवाहित.

उताऱ्यावर लिहिलं होतं: विवाहित.

आणि उताऱ्यावरचं अक्षर माझं होतं. सहा दिवसांपूर्वीचं. माझं अक्षर सगळ्या कार्यालयात प्रसिद्ध आहे, 'वि'ची वेलांटी मी अशी झोकात काढतो की साहेब इतरांना दाखवतात. ती झोकदार वेलांटी काढायच्या नादात मी तिच्या आधीचा 'अ' गिळला होता. एका अक्षराने मी त्या मुलीचं लग्न लावून दिलं होतं, तेही कुणाशी याचा पत्ता नसताना.

मी अर्ज पाहिला. मास्तर हुशार माणूस. त्यांनी 'चूक कोणाची?' हा रकाना कोरा ठेवला होता.

"इथे खूण करायची राहिली," मी म्हणालो.

"कुठे करू, साहेब?" तिने विचारलं. माझ्यावर पूर्ण विश्वास टाकून विचारलं. वही माझ्या बाजूला होती, तिला काही दिसत नव्हतं. मी नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. नुसतं तेवढं वाक्य बोलायचं होतं. कागद आठ दिवसांनी खाली आला असता, शून्य शून्यच राहिलं असतं, आणि खुर्ची माझी.

पण समोर ती सगळी माणसं उभी होती. कुणी कुणाचं कुणी नव्हतं. अर्ध्यांची कामं झालेली, अर्ध्यांची आज होणारच नव्हती, आणि तरी सगळे काचेला नाक लावून माझ्या हाताकडे पाहत होते. मला अतिशय राग आला. या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का? बावीस वर्षं मी सुखाने खोटं बोलत होतो, तर सकाळपासून यांनी असं वातावरण करून ठेवलं की माझी जीभ वळेना. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. इतकी लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

"कार्यालयाची," मी म्हणालो.

"काय?"

"कार्यालयाची चूक. तिथे खूण करा. लवकर, माझा विचार बदलायच्या आत."

तांबडी वही काढली, तर तांबडं पेन नव्हतं. मला कधी लागलंच नव्हतं. मी खण उलथेपालथे करत असताना शेजारून एक हात आला. खिडकी पाचवरच्या बाई. "घ्या," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे असतं." टोमणा मारायची इतकी सुंदर संधी बाईंनी हातची घालवली. ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

मी लिहिलं: 'चूक माझी.' सही केली. मग उताऱ्यावर 'विवाहित'च्या आधी एक मोठा 'अ' काढला, शिक्का मारला आणि कागद बाहेर दिला. सासूबाईंनी पोर कडेवर घेऊनच तो वाचला.

"म्हणजे हे तुम्ही केलंत?" त्या मला म्हणाल्या.

"हो. तुमच्या सुनेचं काही नाही त्यात. मीच गाढव."

सासूबाईंनी पोर आईकडे दिलं, मुलीचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल गं, जिना चढताना पळू नकोस, साडी अडकेल." आणि स्वतःच पळत सुटल्या. मागून सगळा बाक वर गेला. ओळख ना देख, लग्नाला चालले होते. खिडकीसमोर फक्त आजोबा उरले.

एक वाजायला दोन मिनिटं होती. आता त्यांना पुढे करायला कुणी शिल्लक नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग नाइलाजाने उठले आणि पिशवीतून अर्ज काढून काचेखाली सरकवला.

"काका, कमाल केलीत आज," मी म्हणालो. "सगळ्या रांगेला वळण लावलंत."

"उगीच काहीतरी," ते म्हणाले. "लोक आभार मानतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी कुणावर उपकार करत नव्हतो हो. माझा नंबर येऊ नये म्हणून मागे जात होतो. आज चौथा मंगळवार."

मी अर्ज वाचला. घराच्या नोंदीत त्यांच्या पत्नीच्या नावापुढे 'हयात' असं लिहिलेलं होतं. काकूंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मृत्यूचा दाखला त्यांनी तेव्हाच आणून दिला होता, आमच्या इथे कुणीतरी तो फाइलला लावून मोकळा झाला होता. कार्यालयाची चूक, म्हणजे दुरुस्ती तिथल्या तिथे. माझ्या हातात पेन उघडंच होतं.

"मुलगी म्हणते, बाबा, तेवढं दुरुस्त करून आणा," ते म्हणाले. "तिचं बरोबरच आहे. पण पाणीखात्याचं पत्र येतं ना, ते अजून दोघांच्या नावाने येतं. मी ते उघडतो, टेबलावर ठेवतो. तेवढंच."

सकाळपासून ज्या पुण्याईवर सगळं कार्यालय हवेत तरंगत होतं, तिचं मूळ हे होतं. मला हसू यायला हवं होतं.

"या नोंदीमुळे कुणाचं काही अडतं का?" मी विचारलं.

"नाही. कुणाचंच नाही."

मी पेनाला टोपण लावलं. "मग राहू द्या. चूक आमची आहे, आम्ही सांभाळू."

त्यांनी अर्ज परत घेतला, नीट चार घड्या घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "मुलीला काय सांगू? ती पुढच्या मंगळवारी परत पाठवेल."

"या की," मी म्हणालो. "पण सारखे उठून मागे जाऊ नका, माझी रांग बिघडते. पहिल्या जागेवरच बसून राहा. कुणी विचारलं तर मी सांगेन, काकांचं काम चालू आहे."