समोरची खुर्ची

"विद्यापीठानं डोकं भरलंय, जीभ मात्र तशीच सोडली," असं तोंडावर सांगून दुसऱ्या बँकेनं मला वाटेला लावलं होतं. फायनान्समध्ये पहिला वर्ग माझा. जोखमीचं गणित झोपेतून उठवून विचारा, सांगते. पण बँकांना हवी होती गोड बोलून योजना विकणारी माणसं, आणि ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. ही तिसरी बँक. इथूनही हात हलवत परतले, तर मला लहानाची मोठी करणाऱ्या आत्याला काय तोंड दाखवणार होते?

शेवटच्या फेरीत मुलाखत घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका बनून माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मोठे साहेब भिंतीशी उभे. दहा वर्षं पैसे अडकवणारी विमा योजना मी बाईंच्या गळ्यात मारायची होती.

"बाई, हे पैसे तुम्हाला कधी लागतील?" मी सुरुवात केली.

"थांबा," साहेब म्हणाले. "हा प्रश्न कशाला?"

"लवकर लागणार असतील तर ही योजना त्यांच्या कामाची नाही, सर. मधेच मोडली तर बरेच पैसे बुडतील."

"ते त्यांनी विचारलं तर सांगा. तुमचं विद्यापीठ आणि आमचं काउंटर यांचा मेळ नेमका इथेच बसत नाही. पुन्हा करा."

घोडं कुठे पेंड खात होतं ते तेव्हा कळलं. पुन्हा सुरुवात केली. नातवंडांच्या भविष्याचा विषय काढला, हसले, फॉर्म पुढे सरकवला, पेनाचं टोपणसुद्धा मीच काढून दिलं. तो प्रश्न गिळला. बाईंनी खोटी सही केली आणि अगदी मनापासून मान डोलावली. नोकरी मिळाली. स्वतःची शिसारी आली आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदमच.

घरी आत्या शिलाई मशीनवर होती. बातमी ऐकून गुडघा धरत उठली, माझ्या गालांवरून हात फिरवला.

"बघ, मी म्हणत नव्हते? आता माझी पुंजी परक्यांकडे कशाला? ऑपरेशनचे पैसे ते, वर्ष-दोन वर्षांत लागतीलच. तुझ्याच शाखेत येते. तू बोट ठेवशील तिथे सही, वाचणारसुद्धा नाही."

मी तिचा हात गालावरून खाली घेतला.

"आत्या, कुठेही ठेव, पण आमच्या बँकेत नको. आणि आलीसच, तर माझ्यासमोर बसू नकोस."

तिला वाटलं, मी थट्टा करतेय. हसायला लागली. मग माझा चेहरा पाहिला आणि हळूच स्टुलावर टेकली.

"अगं," ती म्हणाली, "मग तुझ्यासमोर बसणार तरी कोण?"