येऊन भेटा

विद्यापीठात आल्यावर धाकटीने काही म्हणता काही सोडलं नाही. निघताना थोरल्या भावाने बजावलं होतं, "मिळेल ते घे. तिथे कुणी हातात आणून देणार नाही." म्हणून ती वादसभेत गेली, नाटकवाल्यांचे पडदे रंगवले, पाण्याची भीती असून पोहण्याच्या वर्गातही नाव घातलं. तिच्या खोलीत राहणारी कायद्याची विद्यार्थिनी, जिला सगळे वकील म्हणत, एकदा म्हणाली, "अगं, उद्या अंत्ययात्रेचं मंडळ निघालं तरी तू सभासद होशील."

खरं तर धाकटीला एकच गोष्ट हवी होती. मृदाशास्त्राच्या बाईंच्या प्रयोगशाळेत सुट्टीतलं काम. पहिल्या वर्षातल्या एकाच विद्यार्थ्याला बाई घेत, तेही स्वतः पारखून. ते मिळालं तर पुढचा रस्ता मोकळा, नाहीतर सुट्टीभर घराजवळच्या कारखान्यात खोकी चिकटवायची.

एकदा भरल्या सभागृहात तिने हात वर केला. "बाई, माती चिकण असेल तर पाणी असं खाली उतरणार नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी फळ्यावरच्या आकृतीकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला. तास संपल्यावर कागद आवरता आवरता त्या धाकटीला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही खोलीवर येऊन भेटा."

'येऊन भेटा' हे शब्द धाकटीच्या घरात एकदाच आले होते, मुख्याध्यापकांकडून. वडील धुतलेला सदरा घालून शाळेत गेले आणि थोरल्याचं दप्तर घेऊन परतले. थोरला गॅरेजमध्ये लागला. तेव्हापासून त्यांच्याकडे पाहुण्यांनासुद्धा कुणी 'भेटायला या' म्हणत नसे. 'चक्कर टाका' म्हणत.

ती गेली नाही. शेवटच्या रांगेत बसू लागली. बाई समोरून आल्या की जिन्याकडे वळायची. प्रकरण थंड होईल, अशी तिची आशा होती.

सुट्टी तोंडावर आली तेव्हा वकिलाने तिला धारेवर धरलं. सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "येडे, इथे बोलावतात ते बोलायला! बाईंच्या दारावर भेटीची वेळ लिहिलेली असते. ऊठ आधी."

दार उघडंच होतं. आत एक मुलगी प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून बाह्या दुमडत होती. बाईंनी धाकटीला लगेच ओळखलं.

"चिकण माती! तुमचं बरोबर होतं. मी बरेच दिवस वाट पाहिली. मग वाटलं, तुम्हाला रस नसावा."

"पुढच्या वर्षी, बाई?"

"पुढच्या वर्षी मी नसेन. निवृत्त होतेय."

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. "काय गं, ठीक ना सगळं?"

"हो. आज बाईंना भेटून आले."

पलीकडची ठोकाठोक थांबली. "कशाला बोलावलं?"

"सहज."

"काढलं नाही ना?"

"नाही."

"मग जिंकलीस की!" तो मोठ्याने हसला. "पण परत बोलावलं तर जाऊ नकोस हं."

धाकटी बरं म्हणाली. मग कारखान्यात सुट्टीपुरती जागा आहे का, तेवढं विचारून ठेवायला तिने त्याला सांगितलं.