परदेशातल्या खोलीतली चौथी

बबी शिकायला परदेशी आली आणि तिच्या पाठोपाठ, बिनतिकिटाची, तिची आईही आली. म्हणजे फोनवर. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवलेल्या जुन्या फोनवर आई सकाळी उगवायची ती लेक झोपेपर्यंत मावळायची नाही. तिकडे घरातलं घड्याळसुद्धा तिनं लेकीच्या वेळेवर लावून टाकलं होतं. बबीचे बाबा बिचारे भलत्याच वेळी जेवत आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

सुरुवातीला बबीला हे सोयीचं वाटलं. तिनं भात चढवून वर्गाला पळावं, आईनं भांड्यावर लक्ष ठेवावं आणि शेजारच्या खोल्यांतल्या दोघांना ओरडून गॅस बंद करायला लावावा. त्यातला एक लंबू. तो पुलांवर संशोधन करत होता, पण अंडं उकडायचं म्हटलं की त्याचे हातपाय गळत. दुसरी कुडकुडी, अंगावरचं पांघरूण घेऊनच घरभर हिंडणारी. आई त्यांच्याशी खणखणीत मराठीत बोले, ती दोघं आपापल्या भाषेत उत्तरं देत आणि कुणाचं काही अडत नसे. बबीला दोघांशी बोलताना व्याकरणाचा घाम फुटायचा, तो भाग वेगळा.

हळूहळू आईनं कारभार हातात घेतला. फरशी कुणी पुसायची हे ती ठरवू लागली. घसा दुखला की लंबू तिच्यासमोर जीभ काढून उभा राही. एकदा बबी घरी आली तर तिघं गप्पा मारत जेवत होते, आईही तिकडे ताट घेऊन बसलेली. "हात धुऊन ये, पाहुण्यासारखी उभी काय राहतेस?" आई म्हणाली. बबीला ते फार लागलं, पण ती हात धुऊन आली.

आणि मग तपासणीला वसतिगृहाच्या रेक्टरबाई आल्या. तीन खोल्या, तीन माणसं, हा त्यांचा नियम.

"या, बसा. चहा टाकायला सांगू का?" साखरेच्या डब्यापासून आई म्हणाली.

बाई दचकल्या. "या इथं राहतात?"

"छे हो! ती फोनवर आहे," बबी म्हणाली.

बाईंनी लंबूकडे मोर्चा वळवला. तुला सकाळी उठवतं कोण? लंबूनं फोनकडे बोट केलं. केर काढायची पाळी कोण ठरवतं? कुडकुडीनंही पांघरुणातून बोट काढून तिकडेच दाखवलं.

"म्हणजे राहतात," बाईंनी निकाल दिला. "चौघं चालणार नाहीत. एकानं आजच जायचं. कुणी, ते तुम्ही ठरवा. मी थांबते." आणि त्या स्टूल ओढून बसल्या.

बबीला हसू फुटलं. पण तिच्याशिवाय कुणीच हसलं नाही. लंबू फरशीकडे बघत होता आणि कुडकुडीनं पांघरूण नाकापर्यंत ओढलं होतं. तेव्हा कुठे बबीनं हसू आवरलं. परीक्षा तोंडावर आलेली, गावात दुसरी खोली मिळणं मुश्कील. खोली गेली की शिक्षण अर्धवट टाकून परत जायचं.

"आई, सांग ना यांना काहीतरी!"

आईनं चष्मा सारखा केला. "हे बघा बाई, ही दोघं परक्यांची लेकरं. त्यांना जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमची बबी समजूतदार आहे. ती देईल जागा."

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

आता स्वतःच्या हकालपट्टीचं भाषांतर बबीनंच करायचं! तिनं ते केलं, आणि काही गाळलं नाही. करता करता तिला पाहुण्यांच्या पिशवीतून गेलेली तिची बाहुली आठवली. मावसभावंडं आली की जमिनीवर पडणारी तिची गादी आठवली. दर वेळी आई चारचौघांत कौतुकानं म्हणायची, आमची बबी समजूतदार. त्या एका शब्दापायी बबीनं आजवर काय काय सोडलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

"नाही," बबी म्हणाली.

"काय नाही?"

"मी नाही समजून घेणार. तू जा, आई."

आईनं चष्मा काढला. "हे आधी कधी बोलली नाहीस?"

"आज बोलले."

"बरं," आई म्हणाली आणि उठली. तिकडे तिनं कपाटावरची बॅग काढली, दोन साड्या घडी करून आत ठेवल्या. लंबूला सांगितलं, दूध मंद आचेवर ठेवत जा. कुडकुडीला म्हणाली, पायमोजे घालून झोप. बबीला काहीच बोलली नाही. पडदा काळा झाला. रेक्टरबाई समाधानानं स्टूल जागेवर ठेवून गेल्या.

खोली राहिली. लंबू आणि कुडकुडी बबीकडे न बघता आत गेले. आपण बरोबर वागलो याची बबीला खात्री होती, आणि तरी तिला रडू आवरेना. शेवटी न राहवून तिनं घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"आईला द्या ना."

"ती तिकडून निघालीय म्हणे," बाबा हळूच म्हणाले. "अजून पोचली नाही."

"बाबा, ती घरातच आहे ना?"

"आहे की. समोर बॅग घेऊन बसलीय. पण पोचली नाही अजून. लांबचा प्रवास आहे, बबे. तुला किती दिवस लागले होते पोचायला?"

बबीनं डोळे पुसले. स्वयंपाकघरात कुणाचाच आवाज नव्हता.

"मी इथं आत्ताच पोचतेय, बाबा," ती म्हणाली.